परत बोलावलेली मोटार

सकाळीं शाळेची घंटा होण्यापूर्वींची पंधरा मिनिटें आमच्या फाटकापाशीं जो देखावा दिसतो तो या अंकाच्या वाचकांस नवा नाहीं. रिक्षा, दुचाक्या आणि त्यांच्यामधून वाट काढीत येणाऱ्या घरगुती मोटारी यांची तेथें एकच दाटी होते. एकेका मोटारींतून दोन-दोन, तीन-तीन मुलें दप्तरें सांवरीत उतरतात, आईबाप हात हालवून निरोप देतात, आणि गाडी निघून जाते. आपल्या घरांतील सर्वांत मोलाचीं माणसें आपण ज्या यंत्राच्या स्वाधीन रोज इतक्या निःशंकपणें करतों, त्या यंत्राविषयीं आपणांस कितीसें ठाऊक असतें? गाडीचा रंग, तिची किंमत, एका लिटरांत ती किती किलोमीटर धांवते, हें बहुतेकांस तोंडपाठ असतें. परंतु ज्या कारखान्यानें ती घडविली त्यानेंच तिच्यांत दोष राहिल्याचें कबूल करून ती दुरुस्तीसाठीं परत बोलाविली आहे काय, हा प्रश्न विचारणारा गृहस्थ विरळा. आम्हींही तो कधीं विचारला नव्हता. आमच्यावर तो विचारण्याची पाळी कशी आली हें पुढें सांगूं. तत्पूर्वीं विषयाची थोडी ओळख करून घेणें बरें.

परत बोलावणें म्हणजे काय?

मोटारींच्या व्यवहारांत ‘रिकॉल’ हा शब्द आतां रूढ झाला आहे. त्याचा सरळ अर्थ परत बोलावणें. विकल्या गेलेल्या गाड्यांमध्यें आरेखनाची, घडणीची किंवा जुळणीची अशी कांहीं चूक आढळली कीं जीपासून माणसांच्या जिवास अपाय होऊं शकेल, तर त्या घडणीच्या सर्व गाड्या कंपनी परत बोलाविते, आणि सदोष भाग तपासून अगर बदलून मालकास गाडी परत देते. या कामाचा खर्च मालकाकडून घ्यावयाचा नसतो.

येथें एक भेद प्रथमच ध्यानांत ठेवला पाहिजे. झीज निराळी व दोष निराळा. ब्रेकचे पॅड झिजतात, टायर गुळगुळीत होतात, बॅटरी चार वर्षांनीं दम सोडते. हा यंत्राचा देहधर्म आहे. त्याची काळजी मालकानेंच वाहावयाची असते. परंतु गाडी नवी असो वा जुनी, नीट वापरली असो वा नसो, तिच्यांतील एखादा भाग मुळांतच असा घडला असेल कीं तो केव्हांतरी दगा देणारच, तर त्याचा जाब मालकास नव्हे, घडविणारास द्यावा लागतो.

ही गोष्ट आज आपणांस उघड वाटते, पण जगाच्या गळीं ती सहजासहजीं उतरली नाहीं. अपघात झाला कीं दोष हांकणाराचा, अशी समजूत फार दिवस होती. १९६५ सालीं अमेरिकेंत राल्फ नेडर नांवाच्या तरुण वकिलानें ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हें पुस्तक प्रसिद्ध करून मोटारींच्या घडणींतच अपघाताचें व इजेचें मूळ कसें असूं शकतें हें लोकांपुढें मांडलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९६६ च्या सप्टेंबरांत, तेथें वाहनांच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला, आणि दोष आढळल्यास मालकांस कळविणें कंपन्यांस भाग पडलें. तो दोष फुकट दूर करून दिला पाहिजे ही तरतूद १९७४ सालीं आली. पत्र पाठविण्याची सक्ती आणि दुरुस्तीची सक्ती यांच्यामध्यें आठ वर्षें गेलीं, ही गोष्ट नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं टिपून ठेवण्यासारखी आहे.

कटकट कोणती आणि धोका कोणता?

आतां मालकांच्या नित्याच्या तक्रारी पाहूं. चार मोटारवाले एकत्र बसले म्हणजे ज्या गोष्टी ऐकूं येतात त्यांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग निव्वळ गैरसोयीचा. दारांतून खडखड येते, एअर कंडिशनर उन्हाळ्यांत पुरेसा थंड होत नाहीं, जाहिरातींत सांगितलें तितके किलोमीटर लिटरास मिळत नाहींत, समोरचा पडदा मधूनच काळा पडतो. यांनीं डोकें उठतें, पण जीव जात नाहीं.

दुसरा वर्ग सावकाश वाढणाऱ्या व्याधींचा. क्लच जड होतो, स्टीअरिंग एका बाजूस ओढतें, ब्रेक दाबतांच चर्र असा आवाज येतो, तळाला गंज धरतो. यांकडे वेळींच लक्ष दिलें तर खर्चावर भागतें. हयगय केली तर याच वर्गांतील माणसें तिसऱ्या वर्गांत जाऊन पडतात.

तिसरा वर्ग धोक्याचा. चालत्या गाडीचें इंजिन आपोआप बंद पडणें, ब्रेकचें पायपट्ट एकाएकीं मऊ लागून खालीं जाणें, स्टीअरिंग अकस्मात् जड होणें, पेट्रोलचा अगर वायर जळल्याचा वास येणें, एअरबॅगचा लाल दिवा न विझणें, सीटचा पट्टा न अडकणें, हीं सर्व लक्षणें एकदां जरी दिसलीं तरी ‘उद्यां पाहूं’ म्हणून चालत नाहीं.

वर्गीकरण ऐकावयास सोपें, पण तें चुकलें तर काय अनर्थ होतो याचें जें उदाहरण आम्ही आतां देणार आहों, तें मोठमोठ्या कारखानदारांसही धडा घालून देणारें आहे.

चावीच्या जुडग्याची गोष्ट

जनरल मोटर्स ही अमेरिकेंतील नामांकित कंपनी. तिनें २००५ च्या सुमारास शेवरोले कोबाल्ट नांवाची एक लहान, माफक किंमतीची, सामान्य कुटुंबांस परवडेल अशी मोटार बाजारांत आणली. थोड्याच दिवसांत मालकांकडून एक विचित्र तक्रार येऊं लागली. गाडी चालतां चालतां गुडघ्याचा धक्का चावीस लागला, किंवा चावीला जड जुडगा लटकत असला आणि गाडी खड्ड्यांतून गेली, तर चावी आपोआप फिरते आणि इंजिन बंद पडतें.

याचें कारण इग्निशन स्विचमध्यें होतें. चावी जेथें फिरवितात त्या स्विचमध्यें एक लहानशी स्प्रिंग व खुंटी असते. तिच्या जोरानेंच चावी ‘चालू’ या खुणेवर घट्ट बसून राहते. या गाड्यांतील स्विचची पकड ठरविलेल्या मापापेक्षां सैल होती. त्यामुळें चावी ‘चालू’ वरून निसटून, इंजिन बंद पण रेडिओ मात्र चालू, अशा मधल्या खुणेवर येई. इंजिन बंद पडतांच स्टीअरिंग व ब्रेक यांस मिळणारें यंत्राचें साहाय्य नाहींसें होई. पण याहून भयंकर असें कीं, त्या अवस्थेंत एअरबॅगही उघडत नसे. म्हणजे जो दोष गाडीस अपघाताकडे लोटी, तोच दोष अपघाताच्या क्षणीं संरक्षणही काढून घेई.

कंपनीनें काय केलें? चालत्या गाडीचें इंजिन बंद पडणें ही ‘ग्राहकाची गैरसोय’ आहे, सुरक्षिततेचा प्रश्न नव्हे, असें तिच्या कचेऱ्यांत ठरलें. आपण वर केलेल्या वर्गीकरणांत तिसऱ्या वर्गांतील गोष्ट पहिल्या वर्गांत टाकली गेली. २००५ च्या अखेरीस विक्रेत्यांस सूचना गेली कीं, ग्राहकांस चावीच्या जुडग्यांतील जड वस्तु काढावयास सांगा. २००६ मध्यें स्विचची घडण सुधारण्यांत आली खरी, परंतु भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला गेला. नव्या भागास जुनाच क्रमांक राहिल्यामुळें कोणत्या गाडींत सैल स्विच आहे आणि कोणत्या गाडींत घट्ट, हें कागदपत्रांवरून ओळखणें अशक्य झालें, व पुढें तपास करणारेही वर्षानुवर्षें चकले. अखेर एका मृत्यूवरून झालेल्या दाव्यांत फिर्यादीच्या बाजूच्या तज्ज्ञानें जुना व नवा असे दोन स्विच उघडून शेजारीं शेजारीं ठेवले, आणि एकाच क्रमांकाचे हे दोन भाग एकसारखे नाहींत हें डोळ्यांनीं दाखवून दिलें.

२०१४ च्या फेब्रुवारींत कंपनीनें गाड्या परत बोलाविण्यास आरंभ केला, आणि ही संख्या वाढतां वाढतां सुमारें २६ लाखांवर गेली. पुढें नुकसानभरपाईसाठीं जो निधि उभारला गेला त्यानें या दोषामुळें झालेले १२४ मृत्यू मान्य केले. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत कंपनीस सरकारास साडेतीन कोटि डॉलरांचा दंड भरावा लागला, आणि २०१५ च्या सप्टेंबरांत फौजदारी चौकशी मिटवितांना आणखी ९० कोटि डॉलर द्यावे लागले. स्विच बदलण्यास मूळ किती खर्च आला असता? अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें जो आकडा सांगण्यांत आला तो होता एका भागामागें ५७ सेंट.

या गोष्टींतील मालकांच्या बाजूकडेही पाहावें. त्यांनीं तक्रारी केल्या होत्या. ‘गुडघा लागला कीं गाडी बंद पडते,’ असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें होतें. सामान्य माणसानें केलेलें वर्णन बिनचूक होतें. चुकलें तें त्या वर्णनाला दिलेलें नांव.

उघडणारी पिशवी आणि फुटणारी डबी

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें आहे, कारण तें आपल्या देशांतील व आपल्या जिल्ह्यांतील गाड्यांपर्यंत येऊन पोंचलें. टकाटा ही जपानी कंपनी मूळची कापड विणणारी. १९३३ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीनें पुढें सीटचे पट्टे व नंतर एअरबॅग बनविण्यांत मोठें नांव कमाविलें. जगांतील अनेक मोटार कंपन्या तिच्याच एअरबॅगा घेत.

एअरबॅग म्हणजे स्टीअरिंगमध्यें घडी घालून ठेवलेली कापडी पिशवी. टक्कर होतांच एका धातूच्या डबींतील रसायन पेटतें, त्यापासून वायु निर्माण होतो, आणि पापणी लवण्यापूर्वींच पिशवी फुगून चालकाचें डोकें व छाती यांच्यापुढें उभी राहते. टकाटानें या डबींत अमोनियम नायट्रेट वापरलें. हें द्रव्य स्वस्त असतें. खतांतही त्याचा उपयोग होतो. पण त्यास ओलाव्याचें वावडें आहे. दिवसा तापणें, रात्रीं निवणें आणि हवेंतील दमट वाफ शोषणें असें वर्षानुवर्षें चाललें कीं, त्याच्या दाबून केलेल्या वड्या फुगतात, भेगाळतात आणि त्यांचा भुगा होतो.

भुगा झाल्यानें काय बिघडतें, हें चुलीपाशीं बसलेल्या कोणासही समजेल. लांकडाचा ओंडका सावकाश जळतो. त्याच ओंडक्याच्या ढलप्या करून पेटविल्या तर भडका उडतो, कारण जळणारा पृष्ठभाग अनेक पटींनीं वाढलेला असतो. त्याचप्रमाणें भुगा झालेलें रसायन ठरल्या वेगाहून कितीतरी जलद जळतें, डबींतील दाब आवरत नाहीं, डबीच फुटते, आणि तिचे धातूचे तुकडे पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या मानेंत व तोंडावर घुसतात. किरकोळ टकरींतही असें झालें. ज्या टकरीनंतर माणूस उतरून दुसऱ्याशीं दोन शब्द बोलून घरीं गेला असता, तींत त्याचा प्राण गेला.

२००४ सालीं अमेरिकेंत अशी एक डबी फुटली, तेव्हां ती अपवादात्मक घटना समजली गेली. २००८ च्या नोव्हेंबरांत होंडा कंपनीनें पहिल्यानें गाड्या परत बोलाविल्या. त्या फक्त चार हजारांच्या आसपास होत्या. त्यानंतर हा आकडा असा वाढत गेला कीं, एकट्या अमेरिकेंत सुमारें ६ कोटि ७० लाख डब्या बदलण्याच्या यादींत आल्या, व हें मोटारींच्या इतिहासांतील सर्वांत मोठें रिकॉल ठरलें. तेथें किमान २८ माणसें मेलीं व किमान ४०० जखमी झालीं. मलेशियासारख्या उष्ण व दमट देशांतही मृत्यू झाले. २०१७ च्या जानेवारींत टकाटानें अमेरिकेंतील आरोप कबूल करून १०० कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें, कारण चांचण्यांचे निकाल फिरवून मोटार कंपन्यांस दाखविले गेले होते. त्याच वर्षींच्या जूनमध्यें कंपनीचें दिवाळें वाजलें.

हिंदुस्थानांतही होंडानें याच कारणास्तव गाड्या परत बोलाविल्या. २०१७ च्या जानेवारींत, २०१२ सालीं बनलेल्या ४१,५८० गाड्यांसाठीं निवेदन निघालें. त्यांत ३२,४५६ सिटी होत्या. २०१८ च्या जानेवारींत, २०१३ सालीं बनलेल्या आणखी २२,८३४ गाड्यांची पाळी आली. त्यांतही २२,०८४ सिटीच होत्या. सिटी ही आपल्याकडील मध्यमवर्गाच्या कुटुंबांत चांगलीच परिचित गाडी. आणि कोंकणपट्टीची पावसाळी हवा किती दमट असते हें कपाटांतील चामडी जोड्यांवर ज्यांनीं बुरशी पाहिली आहे त्यांस सांगावयास नको.

वर्गांतील एक प्रश्न

ही डबीची हकीकत आम्हीं एके दिवशीं दहावीच्या वर्गांत सांगितली. धडा रासायनिक क्रियेच्या वेगाचा होता, आणि पृष्ठभाग वाढला कीं वेग वाढतो हें मुलांच्या मनावर ठसवावयाचें होतें. सांगणें रंगलें, मुलें तन्मय झालीं, आणि आम्हीं खडू खालीं ठेवला. तोंच मागील बांकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, तुमच्या गाडीचा नंबर तुम्ही तपासलात का?”

वर्ग हंसला. आम्हीही हंसलों. परंतु उत्तर ‘नाहीं’ असेंच होतें.

आमच्या घरीं एक जुनी मोटार आहे. आम्हीं ती तीन वर्षांपूर्वीं दुसऱ्या गृहस्थांकडून घेतली. शिक्षकाच्या पगारांत नव्या गाडीचा विचार करणें अवघडच होतें, आणि ही गाडी नीट राखलेली होती. घेतांना आम्हीं इंजिन पाहून घेतलें, टायर ठोकून पाहिले, विम्याचे कागद वाचले, ओळखीच्या मेकॅनिकास चार फेऱ्या मारावयास लावल्या. याहून अधिक काय पाहावयाचें असतें, अशी आमची समजूत होती. त्या दिवशीं संध्याकाळीं आर. सी. बुक काढून त्यावरील सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर आम्हीं कंपनीच्या संकेतस्थळावर भरला. उत्तर येण्यास फार वेळ लागला नाहीं. आमची गाडी यादींत होती. पुढची एअरबॅगची डबी बदलावयाची होती आणि ती बदललेली नव्हती.

चौकशी करतां कळलें कीं, कंपनीनें पत्र पाठविलें होतें. तें गाडीच्या पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर गेलें. ते गृहस्थ तोंवर दुसऱ्या गांवीं राहावयास गेले होते. त्यांच्याकडून कांहीं कपट झालें नाहीं, आणि कंपनीनेंही आपल्या परीनें नियम पाळला होता. पत्र मात्र योग्य माणसाच्या हातीं कधींच पडलें नाहीं. तीन वर्षें आमची धाकटी कन्या त्याच डबीसमोर, पुढच्या सीटवर बसून, खिडकीची कांच खालीं करून, गाणें गुणगुणत शाळेस येत होती.

त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप आली नाहीं हें कबूल करण्यांत कमीपणा वाटत नाहीं. दुसऱ्या दिवशीं गाडी घरींच राहिली व आम्ही बापलेक बसनें शाळेंत आलों. भाग येण्यास आठ दिवस लागले. मग सर्व्हिस सेंटरांत तासाभराच्या आंत जुनी डबी निघून नवी बसली. पैसा एक पडला नाहीं. मेकॅनिकानें जुनी डबी आम्हांस दाखविली. चहाच्या लहानशा भांड्याएवढी ती वस्तु दिसावयास अगदीं निरुपद्रवी होती. तिच्यांत कांहीं बिघाड झाला होता कीं नव्हता, हें आम्हांस कधींच कळणार नाहीं. वर्गांत परत जाऊन आम्हीं त्या मुलीचे आभार मानले, आणि त्या वेळीं मात्र वर्ग हंसला नाहीं.

आपल्या देशांतील व्यवस्था

आतां आपल्याकडे याविषयीं काय नियम आहेत तें थोडक्यांत पाहूं. २०१२ च्या जुलैपासून वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघानें आपण होऊन एक संहिता स्वीकारली व त्याप्रमाणें कंपन्या स्वेच्छेनें गाड्या परत बोलावूं लागल्या. स्वेच्छेवर अवलंबून असलेल्या गोष्टीस मर्यादा असतात हें उघड आहे. म्हणून २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानें ११०-अ हें कलम घालण्यांत आलें. या कलमान्वयें, एखाद्या दोषामुळें पर्यावरणास, चालकास, आंत बसलेल्यांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होण्याजोगा असेल, तर केंद्र सरकार कंपनीस गाड्या परत बोलाविण्याचा हुकूम करूं शकतें. मग कंपनीनें एक तर दुरुस्ती करून द्यावी, नाहींतर तशीच अगर तीहून सरस गाडी बदलून द्यावी, अथवा किंमत परत करावी. याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलांत आले असून त्यांत १० लाखांपासून १ कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

हे नियम सात वर्षांच्या आंतील वाहनांस लागू आहेत. येथें वर सांगितलेल्या डबीची आठवण ठेवावी. तिच्यांतील दोष वयानें वाढणारा होता. गाडी जितकी जुनी तितका धोका अधिक. अमेरिकेंत फुकट दुरुस्तीची मुदत पंधरा वर्षांची आहे. आपल्याकडे बहुतेक गाड्या दोन-तीन मालकांच्या हातांतून जातात आणि जुनी गाडी प्रायः कमी मिळकतीच्या घरांत येते. तेव्हां जो मनुष्य नवी गाडी घेऊं शकत नाहीं त्याच्याच वांट्यास कमी संरक्षण यावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कंपन्या आपण होऊन जुन्या गाड्याही बोलावूं शकतात व कांहींनीं बोलाविल्या आहेत, हें मात्र न्यायानें सांगितलें पाहिजे.

आणखी एक गैरसमज दूर करणें अगत्याचें आहे. रिकॉल झालें म्हणजे गाडी वाईट व कंपनी लबाड, असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. २०२१ च्या सप्टेंबरांत मारुति सुझुकीनें अर्टिगा, सियाझ, ब्रेझा आदि १,८१,७५४ गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासण्यासाठीं बोलाविल्या, आणि तोंवर साचलेल्या पाण्यांतून गाडी नेऊं नये व विजेच्या भागांवर थेट पाणी मारूं नये अशी ताकीद मालकांस दिली. २०२३ च्या जानेवारींत त्याच कंपनीनें एअरबॅगच्या नियंत्रकासाठीं १७,३६२ गाड्या बोलावून, भाग बदलेपर्यंत गाडी चालवूंच नका असें सांगितलें. त्या गाड्यांतील शेवटच्या गाड्या बनून आठवडाही लोटला नव्हता. चूक न होणें सर्वांत उत्तम. पण झालेली चूक वेळींच चव्हाट्यावर मांडणारा कारखाना, ती झांकून ठेवणाऱ्या कारखान्यापेक्षां शतपटीनें बरा. शाळेंतील गणिताच्या वहीसही हाच न्याय लागू आहे.

पालकांनीं व मुलांनीं काय करावें?

प्रथम, गाडीचा चासी नंबर काढावा. तो आर. सी. बुकांत असतो व गाडीच्या सांगाड्यावरही कोरलेला असतो. त्यांत इंग्रजी आय, ओ आणि क्यू हीं अक्षरें नसतात, कारण तीं एक व शून्य यांच्याशीं घोटाळा करतात. तेव्हां वाचतांना शंका आली तर तो अंकच समजावा. हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर भरून अगर सर्व्हिस सेंटरांत विचारून, आपली गाडी कोणत्या यादींत आहे काय हें पाहावें. वर्षांतून दोनदां तरी हें करावें, कारण आज यादींत नसलेली गाडी सहा महिन्यांनीं येऊं शकते.

दुसरें, जुनी गाडी घेतली असेल तर कंपनीच्या दप्तरीं आपलें नांव, पत्ता व टेलिफोन नंबर नोंदवून घ्यावा. आर. टी. ओ. कडे नांव चढलें म्हणजे कंपनीसही कळलें, असें गृहीत धरूं नये. आपण गाडी विकली असेल आणि तिच्याविषयीं पत्र आलें, तर तें केरांत न टाकतां नव्या मालकास कळवावें. एका टेलिफोनाचें काम आहे.

तिसरें, तक्रार लेखी करावी. काय झालें, कोणत्या तारखेस, किती वेगानें गाडी जात असतां, रस्ता कसा होता, किलोमीटर किती झाले होते, हें सर्व जसें घडलें तसें लिहावें. ‘गाडी त्रास देते’ या वाक्यानें कोणासच कांहीं कळत नाहीं. ‘अमुक तारखेस, चढावर, तिसऱ्या गिअरमध्यें इंजिन बंद पडलें व स्टीअरिंग जड झालें’ या वाक्यानें इंजिनियरास दिशा मिळते. सर्व्हिस सेंटरांतून जॉब कार्डाची प्रत मागून घ्यावी व आपली तक्रार तींत आपल्याच शब्दांत उतरली आहे कीं नाहीं हें सही करण्यापूर्वीं वाचावें. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाचें दारही उघडें आहे.

चौथें, धोक्याच्या वर्गांतील लक्षण दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरीं ठेवावी. चार दिवस बसनें आल्यानें कोणाची प्रतिष्ठा उतरत नाहीं, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों.

विद्यार्थ्यांनो, शेवटचा शब्द तुमच्यासाठीं आहे. वडील मंडळींस या कामास सवड होत नाहीं आणि पुष्कळदां आठवणही राहत नाहीं. तुम्हांस मात्र यंत्रांची हौस असते व संकेतस्थळें तुमच्या बोटांवर असतात. या सुट्टींत एके संध्याकाळीं घरच्या गाडीचें आर. सी. बुक मागून घ्या, सतरा अक्षरें नीट वाचा आणि नंबर तपासा. काका, मामा, शेजारी, आणि ज्या व्हॅनमधून तुम्ही शाळेस येतां तिचे चालक, यांसही विचारा. बहुतेकांच्या बाबतींत उत्तर ‘कांहीं नाहीं’ असें येईल, आणि त्यासारखें गोड उत्तर दुसरें नाहीं. पण एखाद्या घरीं तें निराळें येईल. शाळा उघडल्यावर अशा घरांची संख्या आम्हांस येऊन सांगावी. फळ्याच्या एका कोंपऱ्यांत ती लिहून ठेवण्याचा आमचा विचार आहे, आणि पहिला आकडा आमच्या घराचा म्हणून आम्हीं तेथें आधींच एक रेघ ओढून ठेविली आहे.